कोळंबीच्या तलावात विब्रिओवर फेज चालेल का?

तुमच्या डहाणूकडच्या वन्नामेई कोळंबीच्या तलावात विब्रिओ या जिवाणूने मरतूक लागलीय, विक्रेता अँटिबायोटिकऐवजी 'फेज'ची बाटली घ्या म्हणतोय, घ्यावी का, असा तुमचा प्रश्न. मी सात वर्षं कोळंबीच्या हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करतात तिथे, काढली आहेत. माझं उत्तर: घ्या, पण आधी प्लेट, मग बाटली.

विब्रिओ हार्वेयी, म्हणजे विब्रिओचा अंधारात चमकणारा प्रकार, मी पहिल्यांदा पाहिला तो रात्री दोनला, लाइट गेल्यावर. जनरेटरकडे धावताना एक टाकी निळसर हिरवी चमकताना दिसली. बीकरभर पाणी काढून पाहिलं, तर पिल्लंच चमकत होती. दिसायला इतकं सुंदर, की क्षणभर जनरेटर विसरलो. सकाळी ती अख्खी टाकी ओतून द्यावी लागली. तोवर अँटिबायोटिक दोनदा टाकून झालं होतं.

फेज म्हणजे फक्त जिवाणूंना लागणारा विषाणू. तो विब्रिओला चिकटतो, डीएनए आत सोडतो, आतच वाढतो आणि जिवाणू फोडून बाहेर पडतो. कोळंबीला त्याचं सोयरसुतक नाही. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या संशोधकांचं टायगर कोळंबीच्या हॅचरीतलं काम २००६ साली प्रसिद्ध झालं. त्यात फेजच्या टाकीत अँटिबायोटिकच्या टाकीपेक्षा दुपटीहून जास्त पिल्लं वाचली.

पण ती हॅचरी. टाकी लहान, पाणी आपल्या ताब्यात. तुमच्याकडे गाळ आहे, खाडीचं पाणी आहे, आणि ऊन फेजला मारतं. त्यात फेज भलता चोखंदळ. एका तलावातल्या विब्रिओचा फडशा पाडणारा फेज शेजारच्या तलावातल्या विब्रिओकडे ढुंकूनही पाहणार नाही, असं सहज होतं. म्हणून विक्रेत्याला सांगा: माझ्या तलावातला विब्रिओ प्लेटवर, म्हणजे लॅबच्या चपट्या बशीत, वाढवा आणि त्यावर तुमच्या बाटलीतला थेंब सोडून दाखवा. लागू पडला तर दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या दुधाळ थरात थेंबाच्या जागी स्वच्छ गोल खिडकी दिसते. नाही दिसली तर पैसे पाण्यात, तेही खाऱ्या.

बाटलीत किती प्रकारचे फेज आहेत हेही विचारा. एकाच फेजला जिवाणू लवकर दाद देईनासे होतात, म्हणून मिश्रण हवं. आणि काही फेज जिवाणूला फोडतच नाहीत, त्याच्या डीएनएत घर करून बसतात. अशा एका फेजमुळे हार्वेयी उलट जास्त घातक झाल्याची नोंद आहे.

व्हाइट स्पॉट हा रोग असेल तर त्याचं कारण मुळातच विषाणू, तिथे फेजचं काही चालत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान या अँटिबायोटिकांच्या वाटेला तर जाऊच नका. बंदी आहे, आणि अंश सापडला की निर्यातीचा माल परत येतो.

तोवर खाद्य कमी करा, मेलेली रोज उचला. लॅबला नेताना मात्र मरायला टेकलेली, पण जिवंत कोळंबी न्या. मेलेलीत काय वाट्टेल तो जिवाणू सापडतो.