नव्याने पंच झालेल्या भावाला

आपल्या चर्चच्या मंडळीच्या पंचांत निवडून आलात, आनंद वाटला. पहिल्या बैठकीआधी बायबलमधल्या यहेज्केल या पुस्तकाचा ३४ वा अध्याय वाचून या. मेंढपाळ, म्हणजे लोकांचे पुढारी, चरबी खातात, लोकर पांघरतात, पण दुर्बळाला बळ देत नाहीत, जखमीला पट्टी बांधत नाहीत, हरवलेल्याला शोधत नाहीत, हा तिथला आरोप. खाल्लेल्यापेक्षा न केलेल्या कामांची यादी लांब आहे! १८ वं वचन उपदेशात फारसं ऐकू येत नाही: स्वतः निर्मळ पाणी पिऊन उरलेलं पायांनी गढूळ करणारी मेंढरं. (तीही आपल्याच बाकांवर बसतात.) बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये ग्रीकभाषक विधवा रोजच्या वाटपातून सुटत होत्या, कुरकुर ऐकून त्या कामासाठी सात जण नेमले गेले. तुम्हीही मदतनिधीची यादी मागून घ्या आणि कोण सुटलंय ते बघा. अंथरुणाला खिळलेले आधी.