अमेरिकेच्या पेटंट ऑफिसकडून ‘मिसिंग पार्ट्स’ची नोटीस आली, म्हणजे माझा अर्ज फेटाळला का?

नाही, फेटाळलेला नाही. तुम्ही कॅलिफोर्नियात राहता, वकील न लावता स्वतःच अर्ज भरलात आणि आता फी, शपथपत्र आणि आकृत्या यांवर बोट ठेवणारी ‘नोटिस टू फाइल मिसिंग पार्ट्स’ आली आहे. नोटिशीवर अर्ज क्रमांकाजवळ फाइलिंगची तारीख छापलेली दिसेल. ती तारीख तुमची झाली. धास्ती घ्यायची ती ‘नोटिस ऑफ इन्कम्प्लीट अ‍ॅप्लिकेशन’ आली तर. तिथे तारीखच मिळालेली नसते.

पुण्यात बसून अमेरिकी वकिलांच्या पेटंट फाइली सांभाळणं हे माझं काम, त्यामुळे अशा नोटिसा रोजच्याच. पण मी वकील नाही, हे आधीच सांगते.

मुदत दोन महिन्यांची, आणि ती नोटिशीवरच्या तारखेपासून मोजायची. तुम्ही ती केव्हा उघडलीत याला अर्थ नाही. ऑनलाइन फाइलिंगला ईस्टर्न टाइम धरतात. म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे नऊ वाजले की तिकडे तारीख बदलली. पैसे भरून एकेक महिना करत आणखी पाच महिने मिळतात, पण दर चढत जातो. मुळीच उत्तर दिलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. तो पुन्हा उभा करायचा तर वेगळी याचिका आणि चांगलीच भारी फी.

फीच्या रकान्यात उशिराचा अधिभार धरलेला असेल, तो चुकत नाही. मात्र ‘मायक्रो एंटिटी’ (कमी उत्पन्नाचे, मोजकेच अर्ज केलेले अर्जदार) ठरलात तर बहुतेक शुल्कांत 80 टक्के सवलत आहे. त्याचं प्रमाणपत्र फीसोबत किंवा त्याआधी जायला हवं. उत्पन्नाची आणि आधीच्या अर्जांच्या संख्येची अट आहेच, पण लोक अडकतात ते भलतीकडेच. नोकरी करत असाल तर नेमणुकीचा करार काढून वाचा. शोधाचे हक्क कंपनीला द्यायचं त्यात कबूल केलं असेल आणि तो या शोधाला लागू होत असेल, तर मोठ्या कंपनीच्या बाबतीत ही सवलत घेता येत नाही.

शपथपत्रात, म्हणजे शोध आपलाच असं लिहून देण्याच्या कागदात, बहुतेकदा सहीच नडते. ऑनलाइन सही दोन तिरक्या रेघांमध्ये टाइप करायची, /सुनील जोशी/ अशी, अर्थात इंग्रजी अक्षरांत, आणि खाली पूर्ण नाव. एक रेघ राहिली तरी सही धरत नाहीत. ज्याची सही त्यानेच टाइप करायची. सहसंशोधक मेहुणा असेल तर त्याच्या वतीने तुम्ही नाही. अ‍ॅप्लिकेशन डेटा शीटवर (अर्जदार आणि संशोधकांची माहिती भरायच्या फॉर्मवर) सही झाली होती का, तेही बघून घ्या.

आता आकृत्या. समास वर आणि डावीकडे किमान 2.5 सेंटिमीटर, उजवीकडे 1.5, खाली 1. रेघा ठसठशीत काळ्या हव्यात. वहीतल्या पेन्सिलच्या चित्राचा मोबाइलने फोटो काढून पाठवला की मागे करडी छाया येते आणि नोटीसही येते. नव्या पानाच्या वरच्या समासात ‘रिप्लेसमेंट शीट’ असं लिहायचं.

पण खरी मेख पुढेच आहे. आकृती पुन्हा काढायला बसलं की हात शिवशिवतात. मधल्या काळात सुचलेली ती स्प्रिंगही दाखवून टाकू, असं वाटतं. मुळीच दाखवू नका. फाइलिंगच्या दिवशी वर्णनात किंवा चित्रात जे होतं त्याच्या पलीकडचं काही नंतर आत घालता येत नाही. परीक्षकाच्या नजरेला ते आलं की काढायला लावतो, आणि तोवर तुमचा वेळ जातो तो वेगळाच. सुधारणा खरंच मोलाची असेल तर तिच्यासाठी निराळा अर्ज करा. इथे फक्त रेघा स्वच्छ करायच्या. आकडे, बाण, भागांची मांडणी जशीच्या तशी. नोटिशीत जेवढं मागितलंय तेवढंच द्यायचं, अशा ‘आणखी थोडं’ म्हणून जोडलेल्या गोष्टींनीच उत्तरं चिघळतात.

पेटंट सेंटरमध्ये, म्हणजे पेटंट ऑफिसच्या ऑनलाइन फाइलिंगच्या साइटवर, अपलोड करताना ‘एक्झिस्टिंग’ अर्ज निवडून तुमचा क्रमांक टाका. नवीन अर्जाच्या पर्यायातून गेलात तर दुसराच अर्ज तयार होतो आणि पहिल्याची मुदत तिकडे सरतच राहते. नोटिशीची प्रत सोबत जोडा. शेवटी मिळणारी पावती उतरवून ठेवा. तिच्यावर प्रत्येक फाइलचं नाव आणि पानांची संख्या असते, शपथपत्राचं एखादं पान राहिलं असेल तर ते तिथेच कळतं.