मागवलेल्या टॅक्सीतून उतरवलं, तक्रार कुठे करू?

प्रश्न : दिवाळीत आम्ही चौघं कोकणकन्येनं गोव्यात थिवीला उतरलो. जायचं होतं कळंगुटला. स्टेशनाबाहेर सगळेच अठराशे सांगत होते, म्हणून मोबाइलवरून टॅक्सी मागवली. सामान डिकीत ठेवलं तोच चार-पाच टॅक्सीवाले आडवे आले, चालकाला दमदाटी केली. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंनाही खाली उतरायला लावलं. शेवटी अठराशे मोजूनच गेलो. गप्प बसायचं का?
– सौ. वि. पा., डोंबिवली

उत्तर : ताई, मुळीच गप्प बसू नका. मी म्हापशाची. आमच्या तालुक्यात येऊन एका वृद्ध बाईला असं उतरावं लागलं, हे वाचून फार वाईट वाटलं.

भाडं एवढं का, ते आधी सांगते. थिवी स्टँडची गाडी कळंगुटला गेली की तिथलं भाडं तिला घेऊ देत नाहीत. तिथला स्टँड वेगळा, हॉटेलांच्या दारातल्या गाड्या आणखी वेगळ्या. म्हणून वीसेक किलोमीटर रिकामं परतण्याचा खर्चही तुमच्याकडूनच वसूल होतो. चालकांचे कर्जाचे हप्ते असतात, हंगाम चार महिन्यांचा, हे मी रोज बघते. पण ही वाटणी त्यांनीच आपसात केलेली आहे. तिची भरपाई प्रवाशानं का करायची? ओला-उबरला त्यांनी इथे पाय रोवू दिले नाहीत. २०१८ साली सरकारी पर्यटन महामंडळाच्या पुढाकारानं गोवामाइल्स हे टॅक्सीचं अॅप आलं, तेव्हापासून त्याच्या चालकांशीही खटके उडतच आहेत.

तक्रारीत मात्र भाडं आणि दांडगाई यांची सरमिसळ करू नका. जादा भाड्याबद्दल वाहतूक खात्याकडे लिहा. गाडीची पाटी जीए-०३ असेल तर ती म्हापशाच्या कार्यालयाची. दांडगाईची तक्रार पोलिसांकडे. जायच्या वाटेवर माणसाला अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे, आणि मला विचाराल तर तुमची खरी तक्रार हीच आहे. अठराशे रुपये यूपीआयनं दिले असतील तर घेणाऱ्याचं नाव आणि वेळ तुमच्या मोबाइलात आहे. रद्द झालेलं बुकिंगही अॅपमध्ये दिसेल. गाडीचा नंबर, चालकाचं नाव, सगळं. दोन्हींचे फोटो आजच काढून ठेवा. तो चालक साक्ष देईल अशी आशा धरू नका, त्याला रोज त्याच स्टेशनावर उभं राहायचं असतं.

पुन्हा असा प्रसंग आला तर हुज्जत न घालता सगळ्यांनी गाडीतच बसून राहा, काचा वर करा आणि ११२ लावा.

थिवीहून बसनं म्हापसा आणि तिथून कळंगुटची बस, हा स्वस्त मार्ग आहेच. पण सासूबाई आणि एवढं सामान घेऊन नको. मुक्कामाच्या ठिकाणाहूनच गाडी मागवा आणि भाडं निघण्याआधी व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या.