पहिल्यांदाच चालत येतोयस, तर एवढं ऐक

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला येताना आरे-वारेचा रस्ता धर, साधारण 25 किलोमीटर. पहाटे चारलाच निघ. ऊन चढलं की पाय उचलत नाही. नवे बूट नकोत. बोटांना खोबरेल चोळ, वर सुती मोजे. वाळू आत गेली तर तिथंच थांबून झटक, नाहीतर संध्याकाळी टाचेला हा एवढा फोड!

पण खरं काम वेगळंच. आपण मनाच्या आजारांसाठी मदत गोळा करतोय, तेव्हा वाडीत कुणी पडवीत बोलावलं तर घाई करू नकोस, बस. मागच्या खेपेला एक काकी कोकम सरबत देता देता मुलाबद्दल बोलू लागल्या. मी सल्ला दिला नाही, नुसतं ऐकलं. निघताना टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 हा नंबर त्यांच्या कॅलेंडरवर लिहून दिला. खिशात पेन ठेव.