ओळीचा शेवट तिच्यासाठी ठेव

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. भाची महिनाभर मुक्कामाला आलीय म्हणून तू हौसेनं यमकांचं चित्रपुस्तक आणलंस, तिला मांडीवर घेऊन वाचायला बसलास, आणि तिसऱ्या पानावर ती पुस्तकाचा कोपरा चावून उठून गेली. "बाई, तिला पुस्तकांची आवडच नाही बहुतेक," असं तू लिहिलंयस. अडीच वर्षांच्या पोरीबद्दल इतक्या लवकर असं काही ठरवू नकोस रे. मला वाटतं, तू एका दमात सगळं वाचून टाकलंस आणि तिच्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाहीस.

पहिले दोन-तीन दिवस पूर्ण वाच, ताल धरून, मांडीवर हलकी थाप देत. मग एके दिवशी ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांब. मनात चार आकडे मोज. "आता काय येईल, सांग बघू?" असं मात्र विचारायचं नाही. प्रश्न आला की परीक्षा आली. नुसतं थांबायचं आणि चित्राकडे बघायचं. शब्द आला तर पुढे जायचं, नाही आला तर आपण हळूच म्हणायचं.

बालवाडीत आम्ही लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी शिवून पुस्तकं करायचो. त्यातल्या एकात होतं: 'आजीच्या पाटावर मांजर बसलं, बशीतलं दूध पाहून गालात हसलं.' वर्गात एक मुलगी होती, दाराशी बसायची, दिवाळीपर्यंत चकार शब्द बोलली नव्हती. एक दिवस मी 'गालात'पाशी थांबले आणि दारातून आवाज आला, "रुसलं!" मी पटकन म्हणाले, "रुसलं नाही गं, हसलं." ती गप्प झाली आणि पुढे कितीतरी दिवस गप्पच राहिली. संध्याकाळी पुस्तकं आवरताना मी ते पान नीट पाहिलं. माझ्याच हातून मांजराच्या मिशा खाली वळल्या होत्या. मांजर खरोखरच रुसलेलं दिसत होतं. तिनं चित्र वाचलं होतं, यमक जुळवलं होतं, व्याकरणही चुकवलं नव्हतं. चुकले होते ती मी. ती गोष्ट मला अजून टोचते, म्हणून तुला सांगते: तुझी भाची पुस्तकातला सोडून दुसराच शब्द घालेल, तेव्हा तिचा शब्द घेऊन ती ओळ पुन्हा म्हण.

व्याकरणाचं म्हणाले ते सहज नाही. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, आणि बैल बसला, म्हैस बसली, मांजर बसलं हा फरकही तिथेच कळतो. ओळीचा शेवट मुलाकडे सोपवला की हे सगळं त्याच्या तोंडून आपोआप घडतं, नियम न सांगता. तुझ्या भाचीचे वडील कानडी बोलतात, बंगळुरात तिच्या कानावर मराठी पडतं ते आईचंच. तिला याची गरज जास्त आहे. 'बसला मांजर' म्हणाली तरी तिथल्या तिथे दुरुस्त करू नकोस. पुढच्या वेळी वाचताना 'बसलं' जरा ठसक्यात म्हण, बस.

अक्षरांची घाईही करू नकोस. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 1983 साली दाखवलं की चार-पाच वर्षांची जी मुलं यमक चटकन ओळखतात, ती पुढे वाचनातही सरस ठरतात. ती मुलं इंग्रजी होती, पण आपल्याकडे मला हेच रोज दिसायचं. पान, कान, मान, रान म्हणत उड्या मारणाऱ्या पोराला 'प'च्या जागी 'क' आला हे कानानं आधीच कळलेलं असतं. पाटीवरचं अक्षर मग परकं वाटत नाही.

पुस्तक मात्र तुला स्वतःला आवडणारं हवं, कारण तेच पन्नास वेळा वाचायचंय. मला विंदा करंदीकरांचं 'राणीची बाग' फार प्रिय. 1961 सालचं पुस्तक, त्यात प्राणीच प्राणी. इतक्या वर्षांनीही ते वाचताना माझा आवाज आपोआप चढतो-उतरतो, आणि मुलांना तो आवाज आधी ऐकू येतो, अर्थ मागाहून. तुला कंटाळा आला तर तिला तो लगेच कळेल. तिला मात्र येणार नाही. "पुन्हा" म्हणाली की पुन्हा वाच. पानं उलटी उलटली, मधूनच सुरुवात केली, तरी चालेल.

चावलेल्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावू नकोस, ती पिवळी पडते. पातळ कापडाची पट्टी खळीनं चिकटव. आणि पुस्तक कपाटात वर ठेवू नकोस, तिचा हात पोचेल असं खाली ठेव.

ती परत जाईल तेव्हा पुस्तक तिच्याबरोबरच दे आणि एक प्रत स्वतःजवळ ठेव. रात्री व्हिडिओ कॉलवर वाचत जा. तिथे आवाज जरा उशिरा पोचतो, म्हणून चारऐवजी आठ आकडे मोज. ती कुठला शब्द घालते ते मला कळव. पुस्तकातला नसेल तर मुद्दाम कळव.

तुझी,
बाई