चित्रं पाहून व्याकरण येतं का?

प्रश्न: वय चाळीस, जर्मन शिकतोय. विभक्तीचे तक्ते पाठ आहेत, पण ऐकताना गोंधळ उडतो. चित्रांचा उपयोग होईल का?

उत्तर: होईल, पण चित्रं नेमकी हवीत. ‘दास किंड श्प्रिंग्ट आउफ दास बेट’ म्हणजे मूल उडी मारून पलंगावर चढतं. ‘आउफ देम बेट’ म्हटलं की ते पलंगावरच उड्या मारत असतं. मराठीत दोन्हीकडे ‘पलंगावर’च, त्यामुळे मनात भाषांतर केलं की फरक पुसला जातो.

दोन चित्रं काढा (रेघोट्याही चालतील): एकात मूल जमिनीवरून झेपावतंय, दुसऱ्यात गादीवरच नाचतंय. दोन्ही समोर ठेवून एकच वाक्य ऐका, चित्रावर बोट ठेवा, उत्तर लगेच पडताळा. अशा सहा-आठ जोड्या क्रम बदलून घ्या. त्यातले शब्द आधीच ओळखीचे असावेत.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: वाक्यासोबत एकच चित्र घेतात. मग अर्थ चित्रच सांगून टाकतं आणि ‘दास’ की ‘देम’ याकडे कान जातच नाही.

ओळखणं जमलं की चित्र पाहून वाक्य स्वतः बोला. ते वेगळं कसब आहे. नामाचं लिंग मात्र चित्रातून कळायचं नाही, ते शब्दासोबतच पाठ करा.