‘फोटोच काढ की!’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. अमेरिकन चित्रकार रिचर्ड एस्टेससारखी शहराची फोटोरिअलिस्टिक, म्हणजे हुबेहूब फोटोसारखी दिसणारी, चित्रं ३४व्या वर्षी, नोकरी सांभाळून शिकता येतील का, आणि घरचे ‘त्यापेक्षा फोटोच काढ की’ म्हणतात त्यांना काय उत्तर द्यायचं.

वयाचं सोडा. एस्टेस १९३२ सालचे. शिकागोत शिकले, न्यूयॉर्कला आले आणि दहाएक वर्षं जाहिराती-मासिकांच्या कामात काढली. पहिलं एकल प्रदर्शन १९६८ साली. गणित तुम्हीच करा.

घरच्यांचं वाक्य मात्र मला झोंबलं, कारण ते मी १९९४ साली भर ज्युरीत, म्हणजे कॉलेजात सर चित्रं तपासून मार्क देतात तेव्हा, ऐकलंय.

आर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकात एस्टेसचं ‘टेलिफोन बूथ्स’ (१९६७) पाहिलं आणि डोकंच फिरलं. बस, असं काहीतरी करायचं. कॉलेजच्या वाटेवर एक इराणी होता, त्याच्या काचेसमोर मैत्रिणीचा कॅमेरा घेऊन छत्तीसचा अख्खा रोल संपवला. धुऊन आले तर कामाचे सात. कशात आतल्या मस्क्याच्या बरण्या नीट, कशात काचेवरची अक्षरं, कशात रस्त्याचं प्रतिबिंब. सगळं एका फोटोत कुठेच नाही. सात फोटो भिंतीला टाचले आणि अडीच महिने तीस बाय चाळीस इंचांच्या कॅनव्हासवर ती काच जुळवत बसले. काचेत बस दिसत होती, ६६ नंबरची. मराठी आकडे उलटे लिहायला बसा एकदा, म्हणजे कळेल. सहाचं पोट तिसऱ्यांदा खरवडलं तेव्हा आईने जेवायला हाक मारणंही सोडून दिलं होतं.

ज्युरीत सर पुढे आले, पाच सेकंद पाहिलं, म्हणाले, “एवढा वेळ होता तर फोटो एन्लार्ज करून आणायचास, पैसे तरी वाचले असते.” वर्ग हसला. मग कॅनव्हासकडे बोट करून त्यांनी विचारलं, “आणि ही ३३ नंबर इथून कुठे जाते गं?”

६६ उलटे केले की ३३ वाचले जातात. सरांना ती बस रस्त्यावर उभी वाटली होती. जो माणूस ‘हा तर फोटो’ म्हणत होता, त्याने काच पाहिलीच नव्हती. तेव्हा मी काही बोलले नाही. मार्क जेमतेम पडले.

एस्टेसचं नेमकं हेच आहे. ते एका फोटोची नक्कल करत नाहीत. अनेक फोटो समोर ठेवून, प्रोजेक्टरने फोटो कॅनव्हासवर पाडून न गिरवता, हाताने रेखाटन करतात, जागा सरकवतात, नको ते वगळतात. त्यांचं न्यूयॉर्क इतकं स्वच्छ आणि बहुतेकदा निर्मनुष्य का, ते यात आलं. काच, काचेमागचं दुकान आणि काचेवर पडलेला रस्ता तिन्ही सारखंच लख्ख, जे कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये क्वचितच जमतं. ‘डबल सेल्फ-पोर्ट्रेट’ (१९७६) शोधून पाहा: एका डायनरच्या (अमेरिकेतलं साधं खानावळवजा हॉटेल) काचेत एस्टेस तिपाईवरच्या कॅमेऱ्यासकट दिसतात, आणि आतल्या आरशात पुन्हा एकदा. शोधायला थोडा वेळ द्या.

‘टेलिफोन बूथ्स’ पुढे माद्रिदला थायसेन संग्रहालयात प्रत्यक्ष पाहिलं. पावणेसहा फूट रुंद. लांबून चकचकीत धातू, नाकाजवळ नेलं तर राखाडी, काळे, पिवळट तुकडे, एकमेकांना चिकटलेले. फोटो जवळून पाहिला की असा सुटा होत नाही. मी तिथे इतका वेळ उभी होते की रखवालदार दोनदा येऊन गेला.

सुरुवात कशी? एकच खिडकी घ्या, चौक नको. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांबचं लहान आणि जवळचं मोठं दाखवायचं गणित, पक्कं करा, नाहीतर कितीही गुळगुळीत रंगवा, इमारत कलंडणारच. आधी ॲक्रिलिकने मोठे आकार आणि उजेड-सावली बसवून घ्या, मग वरून ऑइल. एस्टेसही पुढे असंच करू लागले. नेमप्लेट, केस, विटा यांत पहिल्या महिन्यात शिरू नका.

प्रोजेक्टर वापरणाऱ्यांना मी वर जरा टोमणा मारल्यासारखं झालं. तसं नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे चित्रकार रॉबर्ट बेक्टल स्लाइड कॅनव्हासवर पाडून रेखाटन करायचे, आणि त्यांच्या उन्हातल्या गाड्यांपुढे मी आजही गप्प होते. आणि खरं सांगायचं तर माझ्या त्या चित्रातला फूटपाथ वाईटच आहे, सर तेवढं बोलले असते तर ऐकून घेतलं असतं.

घरच्यांशी वाद घालू नका. चित्र पूर्ण झालं की समोर बसवा आणि बसचा नंबर विचारा.